पुढच्या खोलीची अट

मी, चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करून सुरात लावणारा, वय चोपन्न, हृदय खिळखिळे पण बुद्धी शाबूत, देवाला साक्षी ठेवून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. प्रत्येक स्वल्पविराम विचारपूर्वक दिला आहे. नक्कल करणाऱ्याने आपले डोके चालवू नये.

१. माझी हत्यारे आणि सूर जुळवायचे दोन्ही नादकाटे चर्चला. लहान नादकाटा बायकोचा. ती आमच्या घरच्या शाळेतल्या मुलांना आधी सूर ऐकवायची, मग त्यामागचे गणित शिकवायची, आणि हे गणित मांडले कोणी, असे शेवटी विचारायची. उत्तर स्वतः कधी द्यायची नाही. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून तो वाजलेला नाही.

२. लॅटिनची व तर्कशास्त्राची पुस्तके मेहुण्याला. तो वाचणार नाही, पण कपाटातून ती त्याच्याकडे पाहत राहावीत अशी माझी इच्छा आहे. आमच्या शाळेला तो मेलेल्या भाषेचा दवाखाना म्हणत आला. पोरांना पोटापाण्याचे काही शिकवा, भावोजी, हा त्याचा कायमचा सल्ला. मी शाळा पाहिली चौथीपर्यंत. पुढचे सगळे स्वतः शिकलो. पोट भरणे मला कोणी शिकवावे लागले नाही. पण जीव कशावर लावावा आणि कशावर लावू नये, हे सांगणारे कोणी भेटले असते, तर बरीच वर्षे वाचली असती. म्हणून आम्ही घराच्या पुढच्या खोलीत शाळा काढली. लहानांनी पाठ करावे, मधल्यांनी वाद घालावा, मोठ्यांनी देखणे बोलावे, आणि हे सगळे प्रभूपुढे खरे राहून करावे.

३. घर मुलीला, मात्र पुढच्या खोलीत तिने शाळा चालवली तरच. शिकवू शकेल अशी ती एकटीच उरली आहे.

४. वरील अटीसंबंधी. शाळेत आमचा एक नियम होता. विरोधकाला उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे आपण मांडायचे, इतके चोख, की त्याने 'हो, हेच' म्हणावे. तोवर उत्तराला बंदी. अट मी मुलीला फोनवर वाचून दाखवली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "बाबा, आधी माझी बाजू मांडा."

मांडली. आई गेल्यापासून तिला प्रार्थना करता येत नाही. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्याविषयी मुलांपुढे उभे राहून बोलणे हे ढोंग होईल. आणि ढोंग करू नये, हे ती त्याच खोलीत शिकली.

"हो, हेच," ती म्हणाली.

आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. मी फोन खाली ठेवला.

५. सबब कलम तीनमधील अट रद्द. घर मुलीचे, बिनशर्त. विकावे, पाडावे, तिची मर्जी. शाळा माझ्याबरोबर संपेल. कलम तीन मुद्दाम खोडलेले नाही. हरलेला मुद्दाही फळ्यावर राहू द्यायचा, ही आमची पद्धत.

मेहुणा पुस्तकांचा वारस असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही. तरी खांद्यावरून वाचत उभा होता. पाचव्या कलमाला त्याने चष्मा काढून पुसला.

६. कलम एकमध्ये दुरुस्ती: लहान नादकाटा चर्चला नको, मुलीला द्यावा. तिने तो वाजवलाच पाहिजे असे नाही.

(सही) मृत्युपत्र करणार

आमच्यासमक्ष सही केली:
१. (सही) आमचे पाळक
२. (सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई

स्थळ: पुढची खोली
दिनांक: तीन मार्च