गोदामात एक किलोही नाही

३ नोव्हेंबर
अथेन्सच्या सेमिनारहून परत आलो आणि सकाळी सकाळी छावणीचं गोदाम पाहिलं. शिसारी आली. डांबरगोळ्यांचा वास, त्यात जुन्या तेलाचा वास, त्यात उंदरांचा. ब्लँकेटांच्या थप्प्या, पिठाची पोती, इथल्या सैनिकांच्या जन्माआधीचे डबे. हवालदार झाखारिआस या सगळ्यावर नागोबासारखा बसलेला. का साठवता एवढं, विचारलं. म्हणाला, साहेब, असू द्यावं, वेळ काय सांगून येते?
हीच ती खेडवळ बुद्धी! यंदा बजेटला कात्री लागली आहे आणि इथे उंदरांची पंगत चालू आहे.
सेमिनारमध्ये शिकलो ते अमलात आणणार. साठा शून्य. माल सकाळी यावा, संध्याकाळी संपावा. गोदामच नको, म्हणजे पहारा नको, वीज नको, झाखारिआस नको.
कर्नलसाहेब म्हणाले, जानेवारीत थेसालोनिकीच्या पुरवठा कार्यालयात जागा निघतेय, जो खर्च वाचवून दाखवेल त्याचं नाव वर पाठवतो. माझं नाव लागल्यात जमा आहे.
आजपासून सिगारेट बंद.

५ नोव्हेंबर
इव्हान्थियाला फोनवर प्लॅन सांगितला. ती आणि आमची मुलगी मिर्सिनी थेसालोनिकीत, मी इथे ओरेस्तिआदाला सरहद्दीच्या नदीकाठी, चार वर्षं झाली. बायकोला पुरवठ्यातलं काही कळत नाही. मध्येच म्हणाली, गेल्या नववर्षाला मी केकमधून घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा तुकडा कापला, तुझ्या नावाचा फ्रिजमध्ये ठेवला, तो फेब्रुवारीत बुरशी लागून टाकला. यंदा टेबलाशी तू दिसला नाहीस तर तुकडा कापणार नाही, आधीच सांगून ठेवते.
म्हटलं, मोठा केक कर.
सिगारेट ओढली नाही. दोन ओढल्या, पण त्या झाखारिआसच्या होत्या.

९ नोव्हेंबर
सगळा साठा शेजारच्या पायदळाच्या तळावर देऊन टाकला. पीठ, ऑलिव्ह तेल, ब्लँकेट, हीटरचं डिझेलसुद्धा. तिथला कॅप्टन स्त्रातिस म्हणजे गोदामी घूस. ट्रक घेऊन गाणं म्हणत आला. म्हणाला, अरे पोलिव्हिओस, तुझी तब्येत बरी आहे ना? दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन माणूस एवढा खुश होतो, हे पाहून कीव आली.

१४ नोव्हेंबर
गोदाम धुऊन घेतलं. लख्ख. कर्नलसाहेबांनी आत उभं राहून हाक मारली, आवाज घुमला. म्हणाले, चर्चसारखं वाटतंय. ही स्तुतीच.
झाखारिआस म्हणाला, साहेब, उंदरांनीसुद्धा बिऱ्हाड स्त्रातिससाहेबांकडे हलवलं. त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. सकाळचा पाव संध्याकाळी आला. नवी पद्धत आहे, बसायला वेळ लागणारच.

२० नोव्हेंबर
खर्च आणखी कमी. मासळी, धुतलेल्या चादरी आणि डिझेल, तिन्हींसाठी आता एकच ट्रक. कागदावर अप्रतिम.
रात्री अख्ख्या बराकीला मासळी बाजाराची कळा आली. चादरींना बांगड्याचा वास, बांगड्यांना डिझेलचा. नाक धरून फेरी मारली. एका सैनिकाने विचारलं, साहेब, चादर तळायची का? हसले सगळे. या पिढीला शिस्त नाही. चूक ड्रायव्हरची, त्याने ताडपत्री नीट बांधली नाही.

२५ नोव्हेंबर
शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हायवेवर येणार, अशी बातमी. कापसाला भाव नाही म्हणून. दरवर्षीची नौटंकी. दोन दिवस सॉसेज भाजतील, शिव्या देतील, घरी जातील. झाखारिआस म्हणाला, साहेब, निदान पीठ तरी आणून ठेवू. त्याला म्हटलं, ठेवू हा शब्द या छावणीत पुन्हा ऐकू येता कामा नये.

२८ नोव्हेंबर
रस्ता बंद. आमचा ट्रक ट्रॅक्टरांच्या पलीकडे अडकला आहे.
स्वतः जाऊन बोललो. त्यांचा म्होरक्या पास्खालिसकाका, भुवया मिशीएवढ्या. म्हणाला, या कॅप्टनसाहेब, बसा, खा. म्हटलं, लष्कराचा ट्रक आहे, सोडा. म्हणाला, अँब्युलन्स सोडतो, दूध सोडतो. तुम्हाला कसली घाई? फौज म्हणजे काय आमचं घर आहे, आज आणलं तर आज खाल्लं? उद्या नदीपलीकडून कोणी आलं तर तुमच्याकडे महिन्याचा शिधा असेलच की!
काय सांगणार? सरहद्दीवरच्या छावणीचं गोदाम रिकामं आहे, हे भर रस्त्यात बोलणं म्हणजे लष्करी गुपित फोडणं. म्हटलं, अर्थातच आहे. म्हणाला, मग झालं तर! माझा धाकटा तुमच्याचकडे आहे, त्याला जरा भरपूर वाढा.
संबंध टिकवायचे म्हणून तीन सॉसेज खाल्ली. सिगारेटीही त्यांच्याच.

३० नोव्हेंबर
पुन्हा मसूर. शेजारच्या वाण्याकडे तेवढाच उरला होता. सकाळी मसूर, रात्री मसूर, आणि बराकीतली हवा अशी की खिडक्या उघडाव्यात, पण उघडल्या तर गारठून मरावं, कारण हीटरचं डिझेल संपलं. सगळे ओव्हरकोट घालून झोपतात. हातपाय कोणी धूत नाही, पाणी बर्फ. वीट आला या माणसांचा. जरा गैरसोय झाली की लगेच वास मारू लागतात.
पद्धत चूक नाही. पद्धतीत ट्रॅक्टर धरलेले नव्हते, एवढंच.

१ डिसेंबर
चौथ्या तारखेला संत वार्वारा, आमच्या तोफखान्याची रक्षणकर्ती. ब्रिगेडियर येणार, बिशप येणार, सगळं गाव येणार, आणि येणाऱ्या प्रत्येकाला छावणीने गरम लुकुमादेस, म्हणजे पिठाचे गोळे, तळून, मधात घोळून द्यायचे. तोफा नसल्या तरी चालेल, लुकुमादेस हवेत. कर्नलसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, कॅप्टन, तेल किती आहे? म्हटलं, तत्त्वतः पुरेसं. म्हणाले, त्या दिवशी कढई रिकामी दिसली तर तिच्यात तुम्हाला तळीन.
थेसालोनिकीचं नाव त्यांनी काढलं नाही. घाईत असतील.

३ डिसेंबर
स्त्रातिसकडे गेलो. मागायला नाही, पाहणी करायला. त्याने दारातच विचारलं, किती पोती? कपाळावर लिहिलं असावं.
माझीच पोती, आमच्या छावणीचा शिक्का असलेली, त्याच्या ट्रकमध्ये चढवून दिली. तेलही दिलं. डिझेलची दोन पिंपं वर. म्हणाला, अरे लाजतोस काय, तुझंच आहे! त्याच्या या चांगुलपणाचीही मला किळस आली. एका पोत्यातून उंदीर निघाला. ओळखीचा वाटला.
मधाचं काय, हा प्रश्न उरला. झाखारिआस न विचारता पास्खालिसकाकाकडे गेला आणि दोन डबे घेऊन आला. काका म्हणाला म्हणे, संताच्या दिवशी भांडण नाही. झाखारिआसला ताकीद दिली, परवानगीशिवाय जायचं नाही. डबे ठेवून घेतले.

४ डिसेंबर
विजय! लुकुमादेस कुरकुरीत, मध ओघळतोय, बिशपच्या दाढीलासुद्धा. ब्रिगेडियर पाच खाऊन म्हणाले, रस्ता बंद असताना हे जमवलं कसं? आता प्रामाणिकपणे उत्तर द्यायला हवं होतं, ते दिलं. म्हटलं, साहेब, गोदामात एक किलोही न ठेवता. मागे स्त्रातिसला ठसका लागला. झाखारिआसने त्याची पाठ थोपटली, गरजेपेक्षा जास्त वेळ.
ब्रिगेडियर म्हणाले, लेखी द्या.
संध्याकाळीच रिपोर्ट लिहिला. नाकेबंदीतही साठ्याविना छावणी तगली, सण झाला, मनोधैर्य उंच. स्त्रातिसचा उल्लेख टाळला, विषयांतर झालं असतं.
इव्हान्थियाला फोन केला. म्हटलं, केक मोठा कर. हसली. चार वर्षांत अशी हसली नव्हती. मिर्सिनीने फोन घेऊन विचारलं, बाबा, खरंच? म्हटलं, नाव लागल्यात जमा आहे.

१२ डिसेंबर
रस्ता मोकळा. ट्रक आला. मासळी पलीकडेच फेकून यायला हवी होती. आठवडाभर वास जाणार नाही. जाऊ दे, मी तरी कुठे असणार आहे इथे?
ट्रंक भरायला घेतली.

१९ डिसेंबर
वरून हुकूम आला. माझा रिपोर्ट सगळ्यांनी वाचला आहे. शब्दन् शब्द खरा मानला आहे.
आमची छावणी साठ्याशिवाय तगते हे सिद्ध झाल्यामुळे पुढच्या वर्षीचा शिधा आणि डिझेल निम्मं. हीच पद्धत सगळ्या विभागात लागू. त्यामुळे स्त्रातिसचं गोदाम बंद. गोदाम बंद झाल्यामुळे स्त्रातिस बिनकामाचा, म्हणून त्याला थेसालोनिकीच्या रिकाम्या जागेवर पाठवला आहे.
आणि मी या पद्धतीचा जनक असल्यामुळे माझ्यावाचून ती चालणार नाही. आणखी तीन वर्षं इथेच. कर्नलसाहेबांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. हात मसुराच्या वासाचा होता. त्यांचा की माझा, कळलं नाही.
स्त्रातिस निरोप घ्यायला आला. विचारत होता, बायकामुलांसाठी तिकडे कुठली वस्ती बरी? सांगितली. एक ब्लँकेट ठेवून गेला.

२१ डिसेंबर
इव्हान्थियाला सांगितलं. माझी निवड किती मानाची आहे, हेही सांगितलं. मग म्हणाली, केक लहानच करते. म्हटलं, तुकडा तरी कापून ठेव, सुट्टी मिळाली की येतो. म्हणाली, नाही रे पोलिव्हिओस. ज्याचा त्या दिवशी उपयोग नाही ते घरात साठवायचं नाही, तूच शिकवलंस ना? तुझे हिवाळी कोटही कपाटात उगाच जागा अडवतात. पाठवून देते.
चिडून बोलली असती तर समजूत काढता आली असती.
झाखारिआसकडे सिगारेट मागितली. म्हणाला, साहेब, मी सोडली.

२ जानेवारी
कोट आले. वेळेवर, सगळे, इस्त्री केलेले. घरच्या साबणाचा वास होता.
माझ्या खोलीत मावेनात. गोदामात नेऊन टांगले. तिथे जागा भरपूर आहे.