ताईसाठी पेशी

५ जानेवारी
नवी बॅच सुरू. माणसाच्या मूळपेशींना वळण लावून त्यांच्याकडून इन्सुलिन बनवून घ्यायचं. गेल्या खेपेस त्या भलत्याच झाल्या, निम्म्या यकृताच्या वाटेला लागल्या. त्यात माझा दोष नव्हता. संकल्प: रोज स्वतःच्या हाताने मीडियम, म्हणजे पेशींचं पोषणद्रव, बदलणार. ताईला फोन करून सांगितलं, वर्षभरात तुझी इंजेक्शनं सुटली म्हणून समज. शाळेत असल्यापासून टोचून घेतेय बिचारी. "बरं," म्हणाली. लॅबमध्येही जाहीर करून टाकलं.

१८ जानेवारी
पेशी तजेलदार. काल मीडियम बदलायचं राहिलं, संस्थेच्या बैठकीतलं माझं भाषण लिहीत होतो. थोडी उपासमार झाली की पेशी कणखर होतात, असं माझं मत आहे. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली माझ्या डिशमध्ये डोकावून गेली. मत्सर.

२ फेब्रुवारी
पेशींचे छान गोळे जमलेत, खसखशीहून बारीक. ताईचा फोन. डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात, डॉक्टरांकडे सोबत येशील का, विचारत होती. तिला समजावलं की गोळे नाजूक अवस्थेत आहेत, त्यांना टाकून कसा येऊ? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. भावोजी रजा टाकून गेले.

९ फेब्रुवारी, दुपार
इन्सुलिन! इन्सुलिन असलं की लाल करणारा रंग लावून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, सगळं लालेलाल. ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: नीट दिसत नाही रे, पण छानच असेल.

२० फेब्रुवारी
साखरेची टेस्ट. साखर घातली की इन्सुलिन वाढायला हवं, काढली की थांबायला हवं. आमच्या पेशी साखर असो नसो, सारखंच इन्सुलिन सोडत बसतात. रिपोर्टमध्ये 'उदार स्वभाव' असं लिहिणार होतो. बॉसबाईंनी दार लावून घेतलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "या पेशी तुमच्या ताईंच्या अंगात घातल्या, तर पहिल्याच उपाशी सकाळी त्या बेशुद्ध पडतील."
मी पुढच्या बॅचचं बोललो. त्यांनी दार उघडलं.

२१ फेब्रुवारी
ब्लीच ओतून बॅच टाकून दिली. इनक्यूबेटरचं तापमान मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत होतं. मेकॅनिकने तपासलं. ठीक आहे म्हणाला. त्याला काय कळतंय.

२३ फेब्रुवारी
ताईकडे गेलो. भावोजी बाहेरगावी. नव्या बॅचची योजना तिला सविस्तर सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली, मग फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली आणायला सांगितली.
"जेवायची वेळ झाली. आज तू दे. मला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत आता."
इतकी वर्षं इन्सुलिनवर काम करतोय. कुणाला टोचलं कधीच नव्हतं. औषध घाईघाईत ओढलं. ताईने चाचपडत माझं मनगट धरलं. आधी बुडबुडा काढ, म्हणाली.
काढला. पुन्हा आला.
ती पोटाची कातडी चिमटीत धरून थांबून राहिली.