विमलाकाकीचा अंगठा

चि. गुरुप्रसाद,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

चतुर्थीसाठी पाठवलेला तुझा काजूचा डबा पोचला.

आज माझ्या रेशन दुकानात विमलाकाकी आली होती, तुझ्या कारखान्यात काजू फोडणारी. मशीनवर तिचा अंगठा काही केल्या लागेना. टरफलाच्या तेलानं बोटांवरच्या रेषाच जाळून टाकल्यात. "माका तांदूळ गावचे नाय काय गो?" तिनं विचारलं. अंगठ्याशिवाय धान्य देता येत नाही, म्हणून मी तिला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं.

बायकांना हातमोजे दे, असं मी तुला सांगितलं होतं. "घातल्यार काम आवरणा नाय गो ताई," म्हणालास.

गेल्या वर्षी तू हजेरीचं अंगठ्याचं मशीन काढून चेहरा ओळखणारं बसवलंस. भाऊ किती पुढारलेला, म्हणून मी गावभर मिरवलं. ते का बदललंस, ते आज कळलं. तिथेही बायकांचे अंगठे लागत नव्हते. त्यांचे हात तुला दिसले होते रे, आणि तू मशीन बदललंस.

माझ्या लेकीची, अपेक्षाची, कॉलेजची फी तूच भरतोस. म्हणून हे पत्र चुलीत जाईल, आणि नैवेद्याला तुझेच काजू पडतील.

तुझी मिंधी,
शर्मिष्ठाताई