ताटावर आडवा हात

प्रिय आई, तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

“किती पैसे साठले म्हणजे कमी दगदगीची नोकरी धरावी गं?” असं तू फोनवर विचारलंस. घरातली पहिली पदवीधर मी, पण याचं उत्तर मला येत नाही.

वर्षभराचं भाडं आणि जेवण निघेल एवढं बँकेत आहे. तुम्हाला पाठवते त्यात कमी होणार नाही. पाठ आता फक्त जिना चढताना दुखते. बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

कंपनीतले साहेब म्हणाले, “अजून दोन वर्षं काढ, मग बघ.” तेव्हा मला तुझं वाढणं आठवलं. आम्ही ताटावर आडवा हात धरेपर्यंत तुझी पळी थांबायची नाही.

म्हणून मीच हात आडवा धरला. सोमवारी कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा दिला आणि आज वाचनालयात अर्ध्या दिवसाच्या कामावर रुजू झाले.

तुझी पोटभर जेवलेली लेक