बाबांना वाचायची बंदी

ती. आत्या,

वाकून नमस्कार. डावा गुडघा काय म्हणतो? उजव्यालाही विचारलं आहे म्हणून सांग, सध्या सगळा भार त्या बिचाऱ्यावरच असणार. इकडे बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पण महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आणि तू त्यांच्यासाठी पाठवलेला पुस्तकांचा खोका माझ्या गळ्यात पडला.

तुला माहीतच आहे, आई गेल्यापासून आम्हा बापलेकीचं बोलणं 'पाणी आलं का' आणि 'कडी लावलीस का' यापलीकडे जात नव्हतं. त्यामुळे शिवणाचं मशीन बाजूला सारून मी ऑक्टोपसचं पुस्तक उघडलं, तेव्हा दोघंही परक्या घरी आल्यासारखे अवघडून बसलो होतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात असं वाचलं मात्र, बाबा ताडकन उठून बसले. "तीन? मग घाबरला की कुठलं धडधडतं?" आता हे मला काय ठाऊक! शोधशोध शोधलं, तर एवढंच सापडलं की पोहताना त्यातलं एक थांबतं, म्हणून स्वारी शक्यतो सरपटत जाते. बाबांना तो फारच पटला. (जन्मभर लोकांना गाडी शिकवलेला माणूस, सावकाश जाणाऱ्याबद्दल त्यांना जात्याच आदर.)

मग रहस्यकथा. खुनी घाटातून गाडी पळवतो तिथे बाबांनी पलंगावर इतक्या जोरात ब्रेक दाबला की पायथ्याची उशी खाली. "वळणावर हॉर्न नाही, काही नाही, हा पकडला जाणारच!" गोष्टीतल्या माळीबुवांवर त्यांचा पहिल्यापासून संशय. शेवटी खुनी निघाला डॉक्टर, तरी बाबा माळ्याला सोडायला तयार नाहीत. पुढे काय होणार या नादात मी शेजारच्या वकीलसाहेबांच्या शिवायला आलेल्या कोटाचे दोन्ही खिसे शिवून बंद केले. (त्यांनी अजून खिशात हात घातलेला नसावा. आरडाओरडा ऐकू आलेला नाही.)

प्रेमकथा वाचताना मात्र आम्ही दोघंही खूप खोकलो. पण मधेच बाबा म्हणाले, "तुझी आई लग्नाआधी माझ्याकडे गाडी शिकायला यायची. क्लच कधी जमला नाही तिला." आत्या, हे मला माहीतच नव्हतं! मी पुस्तक मिटलं आणि विचारतच सुटले. त्या दिवशी प्रेमकथा पुढे सरकली नाही.

तुझी,
भाची

ता. क. खोका संपत आला. आणखी पुस्तकं पाठव. जाडजूड हवीत, आणि अक्षर होईल तितकं बारीक असू दे.

आणखी ता. क. वाचायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात सांगितलं. मी तिथेच उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे. घरी आल्यावर ते पलंगावर टेकले, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, "हं, कुठे होतो आपण?"