जोडीतला दुसरा कोन

६ ऑक्टोबर, सोमवार

वीसपैकी सात! तेही सातवीतल्या कोनांवर. मरकड सरांनी मुद्दाम मागचं घेतलं — म्हणे पाया कच्चा राहिला तर दहावीची भूमिती डोक्यावरून जाईल. पण सातवीत मी अर्धं वर्ष शाळेत होते कुठे? आई-आण्णांबरोबर ऊसतोडीला!

प्रश्न होता, रेषीय जोडीतला एक कोन पन्नास अंश, तर दुसरा किती? मी लिहिलं, पन्नास. सर म्हणाले, "का गं दिपाली?" म्हटलं, जोडी आहे ना सर! ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. म्हणजे दोघं सारखेच की! सर हसले. मीही हसले, पण लाज वाटली ती वाटलीच.

७ ऑक्टोबर

दुसरा एकशेतीस. सरळ रेषेवर दोघांनी मिळून एकशेऐंशी भरायचे, कोणी किती ते ठरलेलं नाही. एवढंच होतं होय!

११ ऑक्टोबर

आईला भाकरीवर शिकवलं. मधोमध बोट ठेवलं — ह्या बिंदूभोवती सगळे मिळून तीनशेसाठ. चार तुकडे केले. आई म्हणाली, "एक बारीक केला तर बाकीचे मोठे व्हनारच की. ह्याला साळा कशाला लागती?" हुशार आहे माझी आई!

१५ ऑक्टोबर

टोळीचा कारभारी मुकादम आला होता. गेल्या साली उसाची मोळी उचलताना आईची कंबर गेली, ती गेलीच. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिलाय, वाकायलाच नको म्हटलंय. मुकादम आण्णांना म्हणाला, "अर्धा कोयता मला न्हाई चालत. पोरगी हाय की, घ्या संगं."

आण्णांनी त्याच्यापुढे चहा ठेवला. नाही म्हणायला किती वेळ लागतो? दहावी आहे माझी!

१७ ऑक्टोबर

सर घरी येऊन बोलून गेले. आण्णा नुसती मान हलवत होते. नंतर म्हणाले, "मानूस लई चांगला हाय." बस्स!

२४ ऑक्टोबर

सुट्टीत सरांनी पुन्हा पेपर दिला. वीसपैकी अठरा!! आईनं विचारलं, "दोन कुटं गेले?"

आण्णांनी माझे कपडे पिशवीत भरायला सांगितलेत. भरले. रडू आलं, पण भरले.

२९ ऑक्टोबर

मला कुणी उठवलंच नाही. ट्रॅक्टर गेला होता. शेजारची रुपालीकाकू दारात बसली होती. म्हणाली, "तुज्या जागी तुजी आई गेली तोडीला, दिपे. मुकादमाला दिसू नये म्हनून कमरंचा पट्टा हितंच ठिवलाय."