वसंताच्या चित्रातली निळी वाळू

४ फेब्रुवारी १९८६
खालच्या शहांकडे सुमनवहिनींचा फोन. वसंता जाऊन तीन महिने झाले. मिलिंदला बापाची वाळूची चित्रं विकायची आहेत. ‘भावजी, बघून किंमत सांगा. तुमच्याइतकं कुणाला कळतंय?’
विमान कंपनीच्या ट्रेनिंगला वसंता दोनदा अमेरिकेत अ‍ॅरिझोनात गेला, तेव्हा तिथल्या नावाहो आदिवासींकडून आणलेली. दोन मला दिली. आपण कॉलेजच्या जिऑलॉजी लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं दगड फोडले, एवढंच.

९ फेब्रु.
बोरीवलीला वहिनींकडे. पलंगावर नऊ चित्रं मांडून ठेवलेली. फळीवर डिंक, त्यावर चिमटीने सोडलेली वाळू. वसंता सांगायचा, खरं चित्र आजाऱ्यासाठी जमिनीवर काढतात आणि त्याच दिवशी मोडतात. विकायच्या चित्रात मुद्दाम काहीतरी बदलतात.
आठ चांगली. गेरू, कोळसा, चुनखडीसारखा पांढरा. सगळे रंग मूळचे, दगड कुटून काढलेले.
नववं मोठं. आकाशबाप आणि धरणीमाय, शेजारी शेजारी. याच्यावर माझा डोळा पहिल्या दिवसापासून. भिंगातून निळा रंग पाहिला. कणाच्या कडेला दाट, मध्ये फिका. रंगवलेली वाळू. मागे सही नाही. सांगून टाकलं, ‘याला फारशी किंमत येणार नाही.’
मिलिंद : ‘काका, बाबा तर म्हणायचे हेच सगळ्यात भारी.’
वहिनी चहा टाकायला उठल्या.
आणि मी काय बोलावं? ‘कोणी घेतलं नाही तर मला द्या.’
मिलिंद हसला. ते हसणं…

१० फेब्रु.
घरी बायकोला, शालूला, सांगितलं. ‘आधी नावं ठेवायची आणि मग मागायचं! मी त्या वहिनींच्या जागी असते तर तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं.’
बरोबर आहे तिचं. पण रंगवलेली ती रंगवलेलीच ना?

१५ फेब्रु.
मिलिंद पार्ल्याला आमच्याकडे आला. न कळवता. सोबत एक गॉगलवाला, जुहूच्या हॉटेलांना सजावटीचं सामान पुरवतो म्हणे. माझी दोन चित्रं भिंतीवरून उतरवून बघितली. विचारलं नाही, उतरवली.
‘काका, ही बाबांनी दिली होती की ठेवायला?’
म्हटलं, ‘दिली.’
‘काही लिहून वगैरे?’
अरे, दोस्ताने दिलेल्या वस्तूची पावती घेतात का रे! शा. स्वयंपाकघरातून बाहेर आली तशी त्याने चित्रं परत भिंतीला लावली. गॉगलवाला मात्र जाताना सहज म्हणाला, मोठं चित्र त्याला पसंत आहे. त्याला काय कळतं? की कळतं?

१७ फेब्रु.
एक गोष्ट आठवली आणि जेवण गेलं नाही. आठ चित्रं मी खिडकीशी नेऊन बघितली. मोठं जड म्हणून पलंगावरच, ट्यूबलाइटखाली. जड होतं म्हणूनच ना? मिलिंद होता, दोघांनी उचललं असतं. मी त्याला हाक का नाही मारली?

२१ फेब्रु.
दुपारी बेल. वहिनी. रिक्षातून, चादरीत गुंडाळलेलं मोठं चित्र घेऊन. ‘मिलिंद ऑफिसात आहे. त्याला माहीत नाही. परत बघा, भावजी. आणि खरं सांगा.’
म्हणजे मागच्या वेळी खोटं सांगितलं असं धरून चालल्या होत्या.
गॅलरीत उन्हात ठेवलं. त्यांच्या परवानगीने कडेचे चार-पाच निळे कण सुईने काढले, काचेवर फोडले. दोन आतून पांढरे, रंगवलेले. बाकीचे आतपर्यंत निळे. दगड. म्हणजे सरमिसळ. म्हणजे मी सांगितलं त्यापेक्षा बरंच मोलाचं.
सांगितलं. सगळं.
वहिनींनी विचारलं, ‘मग त्या दिवशी तसं का म्हणालात?’
‘ट्यूबलाइटखाली रंग नीट कळला नाही,’ म्हणालो. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. चित्र पुन्हा चादरीत बांधलं. रिक्षापर्यंत पोचवायला उठलो तर म्हणाल्या, ‘राहू द्या. मी नेते.’ जिना उतरताना दोनदा टेकवलं, आवाज आला.

२३ फेब्रु.
शहांकडे मिलिंदचा निरोप. संध्याकाळी येतोय. कशासाठी, सांगितलं नाही. आईशी बोलणं झालंय म्हणाला, एवढंच.
शा. म्हणते, तो मागायच्या आत तुमची दोन उतरवून कपाटात ठेवा. उतरवली नाहीत अजून. उतरवली तर तो काय समजेल?
साडेपाच झाले.